पोराला-पोरीला पोलीस भरतीसाठी तयार करायचंय? नागपूरच्या घरच्यांसाठी सविस्तर

जाहिरात निघाली की दुसऱ्या दिवसापासून ग्राउंड भरतं आणि भरती संपली की रिकामं होतं, हे नागपुरात दर वेळी दिसतं. मानकापूरचं क्रीडा संकुल घ्या, रविनगरचं युनिव्हर्सिटीचं ग्राउंड घ्या, रेशीमबाग घ्या, सगळीकडे तेच. जाहिरात ते मैदानी चाचणी यात हातात वेळ थोडा असतो आणि तेवढ्यात रात्री दोनपर्यंत मोबाईल बघणारं पोट्टं १६०० मीटर सव्वापाच मिनिटांत मारेल असं होत नाही, शरीर तसं चालतच नाही. म्हणून हे जे लिहितोय ते पोरांपेक्षा घरच्यांसाठी जास्त आहे, आईबाप, मोठा भाऊ, शाळेतले सर-मॅडम, ज्यांच्या घरात किंवा वर्गात कोणीतरी "मला पोलिसात जायचंय" म्हणतंय त्यांच्यासाठी. माझं म्हणणं एवढंच आहे की पोराला पोलिसाच्या नोकरीसाठी तयार करा, आणि दहावी-अकरावीपासून करा, भरती त्याच तयारीत निघून जाते. फक्त भरतीपुरतं पळवलेलं पोरगं एक तर पेपरात अडकतं, नाही तर कागदात, नाही तर लागल्यावर पहिल्या बंदोबस्तातच वैतागतं.

आधी टेप घ्या आणि उंची मोजा. हे सगळ्यात आधी, बूट घ्यायच्याही आधी. पोलीस शिपाई पदाला मुलांना १६५ सेंटीमीटर आणि मुलींना १५५ सेंटीमीटर उंची लागते, मुलांची छाती न फुगवता ७९ आणि फुगवून निदान ५ सेंटीमीटर वाढली पाहिजे. एसआरपीएफला म्हणजे राज्य राखीव पोलीस दलाला मुलांची उंची १६८ लागते. शिक्षण बारावी पास. वय ओपनला १८ ते २८, मागासवर्गीयांना ३३ पर्यंत, एसआरपीएफला मात्र ओपनला २५ आणि मागासवर्गीयांना ३० वरच थांबतं, हे लय जणांना माहीत नसतं आणि मग सव्विसाव्या वर्षी कळतं. भिंतीला टाच, पाठ, डोकं टेकवून सरळ उभं करून मोजा, आणि दोघा-तिघांकडून मोजून घ्या. अठरा-एकोणीसला मुलाची उंची १६२ वर थांबली असेल तर त्याला आत्ताच खरं सांगा आणि दुसऱ्या रस्त्याची तयारी लावा. लटकून-लटकून किंवा पावडरी खाऊन उंची वाढत नाही, त्या नादात पोरांची दोन-तीन वर्षं जातात आणि ती परत मिळत नाहीत. गडचिरोली जिल्ह्यातल्या पोरांसाठी काही सवलती वेगळ्या असतात, तिकडचे नातेवाईक विचारत असतील तर त्यांना गडचिरोलीची जाहिरात स्वतंत्र वाचायला सांगा.

नागपूरच्या पोरांची एक सोय अशी की इथे एकाच शहरात बरेच घटक आहेत. नागपूर शहर पोलीस वेगळं, नागपूर ग्रामीण वेगळं, लोहमार्ग म्हणजे रेल्वे पोलीस वेगळं, आणि हिंगणा रोडला एसआरपीएफचा गट क्रमांक ४. पण एका पदासाठी एकाच घटकात फॉर्म भरता येतो, शिपाई पदाला शहरातही भरला आणि ग्रामीणलाही भरला असं चालत नाही, असे डबल फॉर्म भरणारे नंतर अडचणीत येतात. शिपाई, चालक, एसआरपीएफ ही पदं वेगवेगळी असल्यामुळे पात्र असेल तर त्या प्रत्येकासाठी एकेक फॉर्म टाकता येतो. चालकाला हलक्या वाहनाचं लायसन्स लागतं आणि गाडी चालवायची कौशल्य चाचणी होते, म्हणून अठरा पूर्ण झाले की लायसन्स काढून ठेवा आणि फक्त काढून नाही, खरंच चालवायला शिकवा. घरात कोणी वाद्य वाजवत असेल तर बॅन्ड्समन नावाचंही पद निघतं, त्याला दहावी पुरते, त्याच्याकडे कोणी बघतच नाही.

आता मार्कांचा हिशोब, हा कागदावर लिहून पोराच्या खोलीत चिकटवा. मैदानी ५० मार्कांची, लेखी १०० मार्कांची. मैदानीत निदान ५० टक्के म्हणजे २५ पाहिजेत, आणि मग प्रत्येक प्रवर्गात जागेच्या दहापट पोरं लेखीला बोलावतात. लेखीत निदान ४० टक्के. शेवटचं मेरिट १५० वर लागतं. म्हणजे ग्राउंडला पैकीच्या पैकी ५० घेऊन पेपरात ६० वाला ११० वर राहतो आणि ग्राउंडला ४२ घेऊन पेपरात ८५ वाला १२७ वर जातो. हे इतकं सरळ असताना पोट्टे वर्षभर फक्त पळतात आणि हॉल तिकीट आल्यावर पुस्तक शोधतात. २०२४ च्या भरतीत १७ हजारांच्या वर जागांसाठी राज्यभरातून १७ लाखांवर अर्ज आले होते, इतक्या गर्दीत एकेका मार्काला किती जण उभे असतात ते बघा.

ग्राउंडकडे येऊ. मुलांना १६०० मीटर (२० मार्क), १०० मीटर (१५), गोळाफेक (१५). मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर, बाकी तेच. पूर्ण मार्क पाहिजेत तर मुलांना १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत, १०० मीटर साडेअकरा सेकंदांत, गोळा साडेआठ मीटरवर. मुलींना ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत, १०० मीटर १४ सेकंदांत, गोळा ६ मीटरवर. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. एसआरपीएफला मात्र मैदानीच १०० मार्कांची आणि त्यात ५ किलोमीटर धावण्याला एकट्यालाच ५० मार्क, म्हणून दोन्ही फॉर्म भरणाऱ्याने तयारी सुरुवातीपासून लांब पल्ल्याची ठेवली पाहिजे.

१६०० मध्ये पोरं मार खातात ती पहिल्या चकरीत. ४०० मीटरच्या ट्रॅकवर चार चकरा, आणि ५:१० चा हिशोब केला तर एक चकर साधारण ७७ सेकंदांची. आता काय होतं, शिट्टी वाजली की बाजूचा सुटतो म्हणून आपलाही सुटतो, पहिली चकर ६५ मध्ये मारतो, दुसरीत बरा असतो, तिसरीत पोटात कळ येते आणि चौथीत चालतो. याला उपाय ओरडून होत नाही, घड्याळाने होतो. आठवड्यातून एक दिवस फक्त हेच करून घ्या, एक चकर बरोबर ७७-७८ मध्ये, मग दीड-दोन मिनिटं चालणं, परत एक चकर त्याच वेळेत, असं सहा-आठ वेळा. तुम्ही ट्रॅकच्या कडेला मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन उभे राहा आणि दर २०० मीटरला मोठ्याने सेकंद सांगा. काही आठवड्यांनी पोराच्या पायालाच तो वेग कळायला लागतो, बाजूचा कितीही सुटला तरी तो आपल्या चालीने जातो आणि शेवटच्या ३०० मध्ये त्याच लोकांना मागे टाकतो. बाकी दिवस काय, तर एक दिवस लांब आणि हळू, म्हणजे बाजूच्याशी बोलता येईल अशा वेगाने ६-७ किलोमीटर, दोन दिवस १०० मीटरचे स्टार्ट आणि छोटे स्प्रिंट, दोन दिवस गोळा आणि जोर-बैठका, आणि एक दिवस पूर्ण आराम. आरामाचा दिवस खाऊ देऊ नका, जोशात पोट्टे तोच खातात आणि मग गुडघा घेऊन बसतात.

१०० मीटर हे थोडंफार जन्मजात असतं, १३.५ वाला ११.५ वर येणं अवघड, पण स्टार्ट सुधारला आणि शेवटच्या दहा मीटरला हळू व्हायची सवय मोडली तरी काही मार्क वाढतात. रेषेच्या पुढे दहा मीटरवर एक दगड ठेवा आणि तिथपर्यंत पळायला लावा, बस.

गोळ्यात सगळ्यात स्वस्तात मार्क मिळतात आणि त्याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष असतं. गोळा फेकायचा नसतो, ढकलायचा असतो. तळहातात घट्ट धरला की गेला, तो बोटांच्या मुळाशी ठेवायचा, हनुवटीच्या खाली मानेला टेकवायचा, कोपर बाहेर, आणि ताकद मांडीतून कमरेत, कमरेतून खांद्यात आणि शेवटी बोटांत यायला पाहिजे. मागच्या पायावर बसून वळतानाच पाय सरळ झाला पाहिजे, नुसत्या हाताने ढकलणारा दणकट पोरगाही साडेसहावर अडतो आणि त्याच्यापेक्षा बारीक पण पाय वापरणारा आठ पार करतो. हात मानेपासून लांब जाऊन गोळा क्रिकेटच्या बॉलसारखा मागून आणला तर थ्रो फाऊल धरतात आणि खांदाही जातो. सराव खऱ्या वजनाच्याच गोळ्याने करा, दगडाने किंवा हलक्या गोळ्याने केलेला सराव त्या दिवशी कामी येत नाही. आठ-दहा पोरांनी वर्गणी काढून एक गोळा घ्यावा, वर्षानुवर्षं चालतो.

आता नागपूरचं म्हणून जे वेगळं आहे ते. एक म्हणजे रस्ते. आपल्या शहरात जिकडे-तिकडे सिमेंटचे रोड झालेत आणि घराजवळ तेच असतात म्हणून पोरं त्यावरच पळतात, मग पायाच्या नळीत दुखणं सुरू होतं, आधी पळताना दुखतं मग चालतानाही दुखतं. मातीचं ग्राउंड शोधा, थोडं लांब जावं लागलं तरी चालेल, आणि नळी दुखायला लागली तर आठ-दहा दिवस पळणं बंद, सायकल किंवा पोहणं चालू. बूट महागडे नकोत पण चपटे झालेले कॅनव्हासही नकोत.

दुसरं ऊन. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा सकाळी सातनंतर एकही पोरगं ग्राउंडवर दिसायला नको. पाचला सुरू, साडेसहाला बंद. आदल्या रात्रीपासून पाणी, सकाळी मीठ-साखर-लिंबू, दुपारी ताक, कैरीचं पन्हं, आणि लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय समजायचं. भरतीचं मात्र सांगता येत नाही, २०२४ ला जूनमध्ये मैदानी सुरू झाली आणि पावसाने चिखल झाला, म्हणून पोराने उन्हाळा, पावसाळा, थंडी तिन्हीत पळालेलं पाहिजे.

तिसरी गोष्ट ही नीट वाचा, कारण याबद्दल ग्राउंडवर कोणी बोलत नाही. आपल्या विदर्भात सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, खूप आहे, नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली सगळीकडे. ज्याला आजार आहे त्याला लहानपणापासून माहीत असतं, पण जो फक्त वाहक आहे त्याला काही त्रास नसतो, तो नॉर्मल दिसतो, नॉर्मल खेळतो, त्याला स्वतःला पत्ताच नसतो. अशा पोराने उन्हात, पाणी न पिता, तयारी नसताना एकदम जीव तोडून पळालं तर तो कोसळू शकतो आणि ते जिवावर बेतू शकतं. वाहक असलं म्हणजे पळायचंच नाही असं नाही, पण हळूहळू वाढवत न्यायचं, पाणी जास्त, ऊन टाळायचं आणि पायात एकदम गोळे आले, छाती भरली तर तिथेच थांबायचं, "मार अजून एक चकर" म्हणायचं नाही. तपासणी सरकारी दवाखान्यात होते, मेडिकलला, मेयोला किंवा गावच्या आरोग्य केंद्रात विचारा, तयारी सुरू करायच्या आधी एकदा करून घ्या. मुलींचं हिमोग्लोबिनही त्याच वेळी बघा, आठ-नऊ हिमोग्लोबिनवर ८०० मीटर पळवणं म्हणजे पोरीवर अन्याय आहे. डोळे, रंग ओळखता येतात का, सपाट तळपाय, गुडघ्याला गुडघा लागणं, हेही भरतीच्या वैद्यकीय तपासणीत बघतात, तेव्हा कळण्यापेक्षा आता कळलेलं बरं.

खाण्याचं फार डोक्यात घेऊ नका. ज्वारीची भाकर, वरण, अंडी, भिजवलेले चणे-शेंगदाणे, दूध, केळी, आपल्या मोसमात संत्री, एवढ्यावर पोरं भरती होतात. सकाळी पळून आल्यावर उपाशी राहायचं नाही. तर्री-पोहे आवडतात ठीक आहे, पण रोज तर्री आणि वरून समोसा नको. आणि ग्राउंडवर कोणी इंजेक्शन, गोळी, "स्टॅमिना वाढवायचं औषध" देत असेल तर त्या माणसापासून पोराला दूर ठेवा. भरतीत पळताना पोरं कोसळल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील.

पेपरबद्दल. १०० प्रश्न, ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला मिनिटही नाही. अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी. यासाठी सगळ्यात चांगलं पुस्तक घरातच पडलेलं असतं, पाचवी ते दहावीची बोर्डाची पुस्तकं, गणित, इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र, मराठी. ती आधी, मग बाजारातले गाईड. गणितात शेकडेवारी, नफा-तोटा, काळ-काम-वेग, सरासरी, व्याज यांवर हात बसला पाहिजे, आणि हात बसतो तो रोज थोडं-थोडं करून, रविवारी एकदम चार तास बसून नाही. पाढे तीसपर्यंत तोंडपाठ. मराठी व्याकरण आपलं घरचं म्हणून सोडतात आणि समास-प्रयोगात मार्क घालवतात, तसं करू नका, नियम कळला की हे मार्क हक्काचे आहेत.

सामान्य ज्ञानात आधी आपला जिल्हा आणि विदर्भ पक्का करा. नागपूर करार १९५३ चा, महाराष्ट्र १ मे १९६० ला, दीक्षाभूमीवरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६, हिवाळी अधिवेशन नागपुरात का, ताडोबा, पेंच, गोसीखुर्द धरण वैनगंगेवर, कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रं. हे पाठ करून घेण्यापेक्षा सुट्टीच्या दिवशी नेऊन दाखवा, डोक्यातून जात नाही. आणि जो पोलीस व्हायला निघाला त्याला कायद्याचं थोडं तरी माहीत पाहिजे ना, १ जुलै २०२४ पासून आयपीसी, सीआरपीसी आणि पुरावा कायदा जाऊन भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आले, जुन्या गाईडमध्ये अजून जुनीच कलमं छापलेली आहेत, पुस्तक घेताना वर्ष बघा. मागच्या भरत्यांचे जिल्ह्या-जिल्ह्यांचे पेपर मिळतात, आठवड्याला निदान एक तरी घड्याळ लावून, ओएमआर शीटवर गोल भरून सोडवायला लावा. आणि सोडवल्यावर चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही. ती वही शेवटच्या महिन्यात गाईडपेक्षा कामी येते.

अभ्यास सकाळी ग्राउंडनंतर आंघोळ-नाश्ता करून दोन-तीन तास आणि संध्याकाळी दोन तास, एवढा नियमाने झाला तरी पुष्कळ. रात्री दहाला झोप. मोबाईल रात्री दुसऱ्या खोलीत, आणि तुमचाही, नाही तर पोरगं ऐकत नाही.

कागदपत्रांमुळे जी पोरं बाहेर जातात त्यांचं बघून जीव तुटतो, कारण त्यांनी सगळं केलेलं असतं. दहावीच्या मार्कशीटवर वडिलांचं नाव एक, आधारवर दुसरं, जातीच्या दाखल्यावर आडनावात एक काना जास्त. हे आत्ता, बारावीत असतानाच जुळवून घ्या. डोमिसाईल, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन क्रिमिलेयर, ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र, जे ज्याला लागू असेल ते. नॉन क्रिमिलेयर आणि ईडब्ल्यूएसला मुदत असते आणि जाहिरातीत दिलेल्या तारखेला ते चालू असावं लागतं, हे इथे सगळ्यात जास्त चुकतं. जाहिरात आल्यावर सेतू केंद्रात आणि तहसीलमध्ये जी गर्दी होते त्यात पोराचे पळायचे दिवस जातात. एक फाईल करा, ओरिजिनल वेगळे, झेरॉक्सचे दोन सेट वेगळे, फोटो एकाच प्रकारचे पंधरा-वीस, आणि फॉर्म भरला त्याची प्रिंट त्याच फाईलला. फॉर्म भरताना सायबर कॅफेवाल्यावर सोडू नका, शेजारी बसा, प्रवर्ग आणि समांतर आरक्षणाचा, म्हणजे प्रवर्गाच्या आत महिला, होमगार्ड वगैरेंसाठी ठेवलेल्या जागांचा, रकाना स्वतः वाचा. एकदा सबमिट झालं की रडून उपयोग नाही.

आणि चारित्र्य पडताळणी. यावर मी जरा जास्त बोलतो कारण हा धोका पंधरा-सोळाव्या वर्षापासून सुरू होतो. निवड झाल्यावर साक्षांकन नमुना, म्हणजे स्वतःच्या माहितीचा फॉर्म, भरून द्यावा लागतो, त्यात गुन्हा दाखल आहे का हे विचारतात, आणि लपवलं तर निवड रद्द होऊ शकते, लागलेली नोकरी पण जाऊ शकते. आता नागपुरातली पोरं कशात अडकतात ते बघा. संक्रांतीला नायलॉन मांजा, बंदी आहे तरी घेतात आणि विकतात पण, आणि त्यात गुन्हे दाखल होतात. वाढदिवसाला तलवारीने केक कापून रील टाकायची, दुसऱ्या दिवशी आर्म्स ॲक्टची केस. आयपीएलचा सट्टा. दोन गटांची कॉलेजबाहेरची मारामारी, त्यात आपला नुसता उभा होता तरी नाव येतं. आणि आता नवीन, "तुझं बँक खातं दोन महिने वापरायला दे, पाच हजार देतो", हे खातं सायबर फ्रॉडच्या पैशासाठी वापरलं जातं आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात. पोराला हे सगळं नाव घेऊन सांगा, "वाईट संगत नको" एवढं म्हटलं की ते त्याच्या डोक्यात शिरत नाही. नेमकं सांगितलं की शिरतं. त्यातूनही एखादी केस झालीच असेल तर वकिलाला भेटा, निकालाचे कागद जपून ठेवा आणि फॉर्ममध्ये खरं लिहा.

पोरींबद्दल वेगळं लिहायला पाहिजे. सरकारी नोकरीत महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे, जागा आहेत, पोरी पण तयार आहेत, अडतं ते घरी. सकाळी पाचला अंधारात एकटी कशी पाठवायची हा आईचा प्रश्न बरोबर आहे, तर चार-पाच जणींचा ग्रुप करा आणि आळीपाळीने एकेकीच्या घरचं कोणीतरी सोबत जा, मोहल्ल्यात ठरवलं की जमतं. पाळीच्या दिवसांत काय करायचं हे आईने किंवा ताईने मोकळं बोलावं, कारण मैदानीची तारीख पाळी बघून येत नाही, त्या दिवसांत हलका सराव करून बघितलेला असला तर ऐनवेळी घाबरायला होत नाही. आणि "पोलिसात गेली तर लग्न कसं होईल" हे घरात तिच्यासमोर बोलू नका. तिची अर्धी ताकद तिथेच जाते.

आता नोकरीचं, ज्याच्यासाठी हे सगळं. सातव्या वेतन आयोगात शिपायाचं मूळ वेतन २१,७०० पासून सुरू होतं, वरून भत्ते, ते ठीक. पण पोराला हेही कळू द्या की मारबतीच्या दिवशी सगळं शहर इतवारी-महालात नाचत असतं तेव्हा तो दोरी धरून उभा असेल. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात तेव्हा त्याला पाणी प्यायला जागेवरून हलता येणार नाही. अधिवेशन आलं की डिसेंबरच्या थंडीत पहाटेपासून पॉइंटवर. दिवाळी घरी नाही. ओळखीत कोणी शिपाई, हवालदार असेल तर पोराला त्यांच्याजवळ तासभर बसवा, त्यांच्या बायकोशी पण बोलू द्या. दरवर्षी २ जानेवारीला महाराष्ट्र पोलीस रेझिंग डे असतो, त्या आठवड्यात बरीच पोलीस स्टेशनं शाळा-कॉलेजच्या पोरांना आत बोलावतात, शस्त्रं दाखवतात, डायरी कशी लिहितात, ११२ वर कॉल आला की पुढे काय होतं ते सांगतात. नक्की पाठवा.

आणि घरातच करायच्या काही गोष्टी आहेत ज्या कुठल्याही ॲकॅडमीत शिकवत नाहीत. पोलिसाचं निम्मं काम ऐकण्याचं आणि लिहिण्याचं असतं. कोणीतरी रडत, घाबरत, अर्धवट सांगतं आणि त्यातून केव्हा, कुठे, कोण, काय एवढं काढून स्वच्छ मराठीत लिहायचं असतं. रोज घडलेली एखादी गोष्ट पोराला दहा ओळींत लिहायला लावा, वेळ-जागेसकट. ग्राउंडवरून येताना कुठल्या रंगाची गाडी कुठे उभी होती असं अचानक विचारा, नजर तयार होते. मोहल्ल्यातल्या गणपतीच्या मंडळात गर्दीची लाईन लावायची जबाबदारी द्या, तिथे म्हाताऱ्या आजीशी कसं बोलायचं आणि दारू पिऊन आलेल्याला आवाज न चढवता बाजूला कसं न्यायचं हे आपोआप शिकतो. जो पोरगा घरात बहिणीवर हात उचलतो, जातीवरून नावं ठेवतो, त्याला वर्दी मिळायच्या आधी ते सुटलं पाहिजे, हे काम आईबापांचंच आहे, ट्रेनिंग सेंटरमध्ये असे बदल होत नाहीत. शाळेत असेल तर आरएसपी म्हणजे रोड सेफ्टी पेट्रोल, एनसीसी, जिथे स्टुडंट पोलीस कॅडेट योजना आहे तिथे ती, यात टाका. एनसीसीचं सी प्रमाणपत्र असलं तर त्याचा भरतीत फायदाही होतो.

ॲकॅडमी लावायची की नाही? गरज असेल तर लावा, पण आधी आठ दिवस सकाळी जाऊन लांबून बघा. सर स्वतः घड्याळ घेऊन उभे राहतात का, की शंभर पोरांना एकत्र पळवून चहा प्यायला जातात, दुखापत झालेल्या पोराला काय सांगतात, पेपर तपासून देतात का. वर्षाची फी एकदम मागत असतील तर महिन्याची भरतो म्हणा. आणि कोणीही, ॲकॅडमीवाला असो की नात्यातला, "सेटिंग आहे, एवढे लाख द्या" म्हणाला तर एक रुपया देऊ नका. मैदानीचं कॅमेऱ्यात शूटिंग होतं, बऱ्याच ठिकाणी पळताना चिप लावतात, पेपर ओएमआरवर असतो, आणि शेत विकून दिलेले पैसे परत आलेले मी तरी बघितले नाहीत. सरकारी माणूस पैसे मागत असेल तर अँटी करप्शनचा नंबर १०६४ आहे, तिथे फोन लावा.

शिपाई म्हणून लागलं म्हणजे तिथेच थांबायचं असंही नाही. लागल्यावर मुक्त विद्यापीठातून ग्रॅज्युएशन करता येतं आणि एमपीएससीतून पीएसआयची परीक्षा देता येते. कॉलेजला असलेल्या पोराला थेट पीएसआयच व्हायचं असेल तर त्याला ग्रॅज्युएशन सोडायला लावू नका, पण सोबत शिपाई भरतीही देऊ द्या, अभ्यास बराचसा एकच आहे.

आणि नाही झालं तर काय, हे तयारी सुरू करतानाच बोलून ठेवा. किती भरत्या द्यायच्या आणि कुठल्या वयापर्यंत, हे घरात बसून ठरवा आणि पोरानेच ठरवू द्या, फक्त तारीख कागदावर लिहा. तोपर्यंत बीए-बीकॉम, आयटीआय, जे चालू असेल ते बंद करायचं नाही. याच ग्राउंडवर आणि याच अभ्यासावर एसएससी जीडीचा, म्हणजे केंद्राच्या सुरक्षा दलांतल्या शिपाई भरतीचा, फॉर्म भरता येतो, दहावी पास लागते, मुलांना ५ किलोमीटर २४ मिनिटांत, म्हणजे एसआरपीएफची तयारी करणाऱ्याला जड नाही. कारागृह शिपाई आहे, वनरक्षक आहे, रेल्वेचं आरपीएफ आहे. होमगार्डमध्ये ३ वर्षं सेवा झाली तर पोलीस भरतीत होमगार्डसाठी ५ टक्के समांतर आरक्षण मिळतं, तोपर्यंत बंदोबस्ताचा अनुभव आणि थोडा खर्चाचा पैसाही. एका मार्काने गेलेल्या पोराला निकालाच्या दिवशी काही शिकवू नका, जेवू घाला, झोपू द्या. चार-पाच दिवसांनी त्याची चुकांची वही आणि मैदानीची वेळ समोर घेऊन बसा, कुठे किती गेले ते त्याच्याकडूनच काढा, आणि त्याला परत जायचं असेल तर सोमवारपासून घड्याळ घेऊन तुम्ही पण ग्राउंडवर जा.